कायोटीसाठी रिमफायर काडतूस: कुठलं, आणि किती अंतरापर्यंत

भाच्याने डॅलसच्या बाहेर वीस एकर जागा घेतली, पंधरा शेळ्या ठेवल्या आणि दोन महिन्यांत कायोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या रानटी जनावरांनी, त्याची तीन करडं नेली. फोनवर तो रडवेला झाला होता. "मामा, माझ्याकडे टू-टूची, म्हणजे पॉइंट टू-टूची लहान रायफल आहे. तिच्यावर भागेल का? दुकानात चार जण चार काडतुसं सांगतात. तुम्ही सांगाल ते घेतो."

मी टेक्सासमध्येच, सॅन अँजेलोच्या बाजूला राहतो. हा मेंढ्या-शेळ्यांचा मुलूख. मी मूळचा माण तालुक्यातला, घरी मेंढरं होती, त्यामुळे इथे आलो तेव्हा बाकी सगळं परकं असलं तरी माळ ओळखीचा वाटला. इथलं मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं भावंड, आणि तिच्या बुडाशी तसाच फड्या निवडुंग. शेजारच्या रँचवर गेली बारा वर्षं हिवाळ्यात, मेंढ्या व्यायच्या दिवसांत, मी राखणीला जातो. त्यातून जे शिकलो ते फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून काढलं.

भाच्याला मी पहिल्यांदा एवढंच म्हणालो, की कुठलं काडतूस जोरदार हा प्रश्न जरा बाजूला ठेव. किती अंतरापलीकडे मी चाप ओढणार नाही, हे आधी ठरव. ते ठरलं की काडतूस निवडायला वेळ लागत नाही.

जनावर कसं आहे

मराठीत कायोटीला शब्द नाही, कारण हे जनावर आपल्याकडे नाही. आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठा, लांडग्यापेक्षा लहान, अंगाने सडपातळ, पाय लांब. नाव मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'कोयोत्ल'वरून आलं. अलास्कापासून पनामापर्यंत तो आहे. लांडगे मारून संपवले तसा तो पूर्वेकडे पसरत गेला आणि आता मोठ्या शहरांतही राहतो. पश्चिमेकडचा कायोटी साधारण दहा ते पंधरा किलोचा. ईशान्येकडच्या राज्यांतला त्याहून थोराड, वीस किलोपर्यंतही भरतो, कारण त्याच्यात लांडग्याचं रक्त मिसळलेलं आहे. टेक्सासमध्ये चालणारा हिशेब मेन राज्यात जसाच्या तसा लावू नये, तो एवढ्यासाठी.

हिवाळ्यात त्याच्या अंगावर दाट लोकर येते आणि तो दिसतो त्याहून फुगीर वाटतो. नवा माणूस इथेच फसतो. आडवा उभा असलेला कायोटी दुर्बिणीतून चांगला मोठा दिसतो, पण लोकर वजा केली तर छाती अरुंद निघते, आणि ज्या जागी गोळी लागली तर जनावर काही क्षणांत कोसळतं ती हृदय-फुप्फुसांची जागा तळहाताएवढी असते. चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर धरा. त्या तळहाताच्या पुढे खांद्याचं हाड आहे, मागे पोट आहे. पोटात गोळी लागलेलं जनावर मरतं, पण दोन दिवसांनी, कुठल्यातरी ओहोळात.

रिमफायर म्हणजे काय

वापरलेल्या टू-टूच्या काडतुसाची रिकामी पितळी नळी हातात घेऊन बुडाकडून बघा. मधोमध काहीच नसतं, नुसती सपाट चकती आणि त्यावर कंपनीचा शिक्का. पण कडेला एके ठिकाणी लहानसा चेप दिसेल, नखाने खरवडल्यासारखा. बंदुकीची सुई तिथे आपटली होती. या नळीच्या बुडाची कड बाहेर दुमडलेली असते, आणि त्या पोकळ घडीत, चारी बाजूंनी, ठिणगी देणारा मसाला भरलेला असतो. सुईने कड चेपली की मसाला पेटतो आणि आतली दारू पेटवतो. कडेला ठिणगी, म्हणून रिमफायर. मोठ्या काडतुसांत बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते. ती सेंटरफायर.

पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास घरात बसून नेमबाजी करण्यासाठी काडतूस काढलं, तिथून ही रीत सुरू झाली. पुढे १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनचं .२२ शॉर्ट (.२२ म्हणजे गोळीची जाडी, इंचात) आलं आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीचं .२२ लाँग रायफल, ज्याला आपण नुसतं टू-टू म्हणतो. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला, तरी जगात सर्वात जास्त वापरलं जाणारं काडतूस तेच.

आता यातली खरी मेख. सुईने कड चेपायची तर ती पातळच हवी. कड पातळ म्हणजे आतला दाब फार वाढवता येत नाही, नाहीतर बूड फाटेल. गाडीच्या टायरमध्ये आपण ३२ हवा भरतो, ते पीएसआय. त्याच मापात टू-टूच्या काडतुसाची कमाल मर्यादा २४,००० आहे. .२२३ रेमिंग्टन या सेंटरफायरची ५५,०००. दाब निम्म्याहून कमी, आणि दारूही चिमूटभर, म्हणून गोळीला मिळणारा धक्काही कमी. रिमफायरची सगळी मर्यादा त्या दुमडलेल्या पातळ कडेत आहे. जाहिरात काहीही म्हणो, ती कड कुणाला चुकवता आलेली नाही.

मग सरळ सेंटरफायरच का घेऊ नये? पुष्कळदा घ्यावंच, त्याकडे येतो पुढे. पण आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, काडतूस स्वस्त, म्हणून सराव भरपूर होतो. शेजारी घरं असली, दावणीला जनावरं असली, तर या गोष्टींना मोल आहे. काही राज्यांत तर रात्रीच्या शिकारीला किंवा ठरावीक भागांत मोठ्या रायफली चालतच नाहीत. म्हणून हा प्रश्न खोटा नाही. भाच्याने विचारलं ते बरोबरच विचारलं.

वजन आणि वेग

अमेरिकेत गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. आपल्याला ते सोनाराच्या काट्यावरून चटकन कळेल. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, आणि तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज दोन ग्रेनच्या आत. टू-टूची ४० ग्रेनची गोळी एकवीस गुंजांची. .१७ एचएमआर, म्हणजे हॉर्नडी मॅग्नम रिमफायर, या दुसऱ्या काडतुसाची १७ ग्रेनची गोळी जेमतेम नऊ गुंजा, एका ग्रॅमहून थोडी जास्त.

एवढीशी गोळी काम करते ती वेगावर. ऊर्जेच्या हिशेबात वजन एकदा धरतात आणि वेग दोनदा, म्हणजे वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. पण हलकी वस्तू हवेत लवकर थकते. गोफणीतून चिंचोका फेकून बघा आणि गारगोटी फेकून बघा. सुटताना चिंचोका जोरात सुटेल, पण बांधापर्यंत पोहोचेल ती गारगोटी. म्हणून पाकिटावर छापलेला बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी असलेला आकडा वाचून काही ठरवू नका. कायोटी नळीच्या तोंडाशी उभा नसतो. शंभर यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, काय उरतं ते बघा.

खाली ऊर्जा जूलमध्ये देतो. एक किलोचा दगड एक मीटरवरून पडला तर जमिनीला साधारण दहा जूल लागतात, एवढं डोक्यात ठेवलं की पुरे.

टू-टू: कायोटीसाठी नाही

सुरुवात भाच्याकडच्या रायफलीपासून करू. ४० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ३८० मीटर, तोंडाशी १९० जूलच्या आसपास. शंभर यार्डांवर सव्वाशे उरतात. पन्नास यार्डांवर नेम बसवलेला असेल तर शंभरावर गोळी सुमारे सहा इंच खाली जाते. ज्या जनावराची जागाच चार इंचांची आहे, तिथे सहा इंच.

अचूकतेत ती कुणाला हार जात नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं, ते याच काडतुसावर. त्या निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, तेव्हाही रायफल .२२चीच होती. पण कागदाला फक्त भोक पडायला हवं असतं. कायोटीच्या बाबतीत गोळीने कातडी, बरगडी ओलांडून फुप्फुसात जाऊन तिथे उमलायला, म्हणजे टोक पसरून रुंद व्हायला हवं, आणि टू-टूकडे एवढं सगळं करायला जोर उरत नाही.

टू-टूने कायोटी मरतच नाही असं नाही. सापळ्यात अडकलेल्या जनावराला अगदी जवळून मारून सोडवायला इथले लोक तीच वापरतात. पण मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या कायोटीवर ती चालवू नये, असं माझं ठाम मत आहे. भाच्याला म्हटलं, ही रायफल विकू मात्र नकोस. सरावासाठी हिच्याइतकी चांगली दुसरी नाही.

.२२ मॅग्नम: माझी पहिली पसंती

विन्चेस्टरने हे १९५९ मध्ये आणलं. पूर्ण नाव .२२ विन्चेस्टर मॅग्नम रिमफायर, बोलताना सगळे .२२ मॅग म्हणतात. काडतुसाची पितळी नळी टू-टूपेक्षा लांब आणि थोडी जाड. तीच ४० ग्रेनची गोळी, पण वेग सेकंदाला ५७० मीटर, तोंडाशी सव्वाचारशे जूलच्या आसपास. शंभर यार्डांवर दोनशे दहा उरतात. म्हणजे टू-टू तोंडाशी जे देते त्याहून जास्त मॅग्नम शंभर यार्डांवर देते. हा फरक कागदावर लहान वाटेल, जनावराच्या अंगात तो लहान नसतो.

गोळीला तांब्याचं आवरण आणि टोकाला खळगा असलेली, म्हणजे हॉलो पॉइंट, ४० ग्रेनची घ्या. ३० ग्रेनच्या प्लॅस्टिक टोकाच्या गोळ्या वेगाने जातात, त्यांचा मार्ग सरळ असतो, पण त्या सशासारख्या लहान जनावरांसाठी बनवलेल्या आहेत. पूर्ण आवरणाची टोकदार गोळी तर अजिबात नको. ती उमलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जनावर पळत सुटतं.

यावर माझी मर्यादा ऐंशी-नव्वद मीटर. फार तर शंभर, तेही वारा पडलेला असेल आणि जनावर आडवं, स्थिर उभं असेल तेव्हाच.

एक इशारा. मॅग्नमच्या रायफलीत टू-टूचं काडतूस सैल बसतं, आणि म्हणून कुणीतरी ते कधीतरी उडवतंच. तसं कधीही करू नका. नळीला भोवती आधार मिळत नाही, पितळ फुगून फाटतं आणि गरम वायू तोंडावर येतो. घरात दोन्ही रायफली असतील तर काडतुसं वेगळ्या कपाटात ठेवा.

.१७ एचएमआर, आणि मी केलेली चूक

हॉर्नडी कंपनीने २००२ मध्ये मॅग्नमचीच नळी घेतली, तिचा गळा आवळला आणि त्यात .१७ ची बारीक गोळी बसवली. वेग सेकंदाला ७७५ मीटर. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दीडशेवर तीन इंच खाली, दोनशेवर सुमारे नऊ. रिमफायरच्या मानाने हा मार्ग एखाद्या दोरीसारखा सरळ आहे. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी अक्षरशः प्रेमात पडलो. सत्तर-ऐंशी यार्डांवर पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकायच्या.

पण आकडे बघा. तोंडाशी ३३० जूल, शंभर यार्डांवर १८५, दोनशेवर शंभरसुद्धा नाहीत. नऊ गुंजांचा चिंचोका तो. त्यात १७ ग्रेनची प्रसिद्ध प्लॅस्टिक टोकाची गोळी मुद्दाम अशी बनवली आहे की लागताक्षणी चुरा व्हावी. उंदीर, खार, प्रेअरी डॉग (हा कुत्रा नव्हे, बिळात राहणारा खारीचा भाऊबंद) यांच्यासाठी ते उत्तम, शिवाय टोले खात लांब जाण्याचा धोकाही कमी. गोफणीतून मातीचं ढेकूळ भिरकावलं तर ते पाखराला पुरतं. बैलाच्या पाठीवर मात्र फुटून माती होते.

सहा वर्षांपूर्वीची जानेवारीतली संध्याकाळ. मेंढ्या वाड्यात घेतल्या होत्या, पश्चिमेचा वारा सुटला होता. कायोटी मेस्किटच्या रांगेतून बाहेर आला आणि आडवा थांबला. मी शंभर यार्ड धरले. एचएमआर हातात होती, तिच्यावर माझा विश्वास होता, आणि मी चाप ओढला. तो कोसळला. मी उठून उभा राहिलो तेवढ्यात तोही उठला आणि तीन पायांवर झाडीत शिरला.

रात्री बॅटरी घेऊन शोधलं. सकाळी पुन्हा गेलो. निवडुंगाच्या एका पानावर रक्त होतं, पुढे दोन थेंब, मग काही नाही. पावलं मोजली तर अंतर शंभर नव्हे, एकशे सत्तर यार्ड निघालं. तिसऱ्या दिवशी गिधाडं घिरट्या घालताना दिसली आणि तो कोरड्या ओहोळात सापडला. रँचच्या म्हाताऱ्या मालकाने चाकूने कातडी बाजूला करून दाखवलं. गोळी खांद्याच्या हाडावर फुटली होती. वरचं मांस फाटलं होतं, हाड मोडलं होतं, आणि आतली फुप्फुसं जशीच्या तशी होती. म्हणजे तो खांद्याने नाही, तहानेने आणि तापाने मेला. म्हातारा काही बोलला नाही, चाकू गवताला पुसून चालू लागला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आमच्या घरी मेंढरू कापायचं तर सुरीला आधी धार लावायचे, आणि ते काम नवशिक्याला देत नसत. वडील म्हणायचे, त्याला कळायच्या आत व्हायला पाहिजे. कायोटी करडं नेतो म्हणून आपण त्याच्यावर रागावतो, पण वडिलांचं ते बोलणं त्यालाही लागू आहे.

तर .१७ एचएमआर कायोटीवर वापरायचीच असेल, तर २० ग्रेनची, उशिरा उमलणारी गोळी घ्या, खांदा टाळून त्याच्या लगेच मागे नेम धरा आणि सत्तर मीटरच्या आत राहा. पुष्कळ अनुभवी लोक त्याहून लांब मारतात आणि जनावर पडतंही. मी पडलेली नाही, पळालेली मोजतो.

.१७ विन्चेस्टर सुपर मॅग्नम

हे २०१३ मध्ये बाजारात आलं आणि त्याची जन्मकथा गमतीची आहे. काँक्रीटमध्ये खिळे ठोकायला बांधकामावर जी बंदुकीसारखी यंत्रं असतात, त्यांत गोळी नसलेली, नुसत्या दारूची .२७ ची काडतुसं वापरतात. त्यांचं पितळ जाड असतं. विन्चेस्टरने त्याच नळीचा गळा आवळून .१७ ची गोळी बसवली. पितळ जाड, म्हणून दाब ३३,००० पर्यंत नेता आला. पातळ कडेची अडचण इथे थोडी तरी हटली.

२० ग्रेनची गोळी सेकंदाला ९१५ मीटरने निघते, तोंडाशी ५४० जूल, शंभर यार्डांवर पावणेचारशेच्या वर. म्हणजे शंभर यार्डांवर ही जवळजवळ तिथे असते जिथे .२२ मॅग्नम तोंडाशी असते. कायोटीसाठी घडवलेलं एक रिमफायर म्हणायचं तर हेच. १२०-१३० मीटरपर्यंत मी ते वापरेन, २५ ग्रेनची गोळी मिळाली तर अधिक निश्चिंतपणे.

अडचण वेगळीच आहे. यासाठी रायफली मोजक्याच बनल्या, आणि काडतुसं प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. रिमफायरचं काडतूस घरी पुन्हा भरताही येत नाही, कारण कड एकदा चेपली की संपली. १९७० च्या सुमारास रेमिंग्टनने ५ मिलिमीटरचं एक रिमफायर मॅग्नम आणलं होतं, गुणाने ते .२२ मॅग्नमपेक्षा सरस होतं. पण काही वर्षांतच रायफली बंद झाल्या, आणि ज्यांनी घेतल्या त्यांच्या भिंतीवर त्या शोभेला राहिल्या. म्हणून सुपर मॅग्नम घ्यायची तर आधी गावातल्या दोन-तीन दुकानांत फिरून काडतुसं खरोखर फळीवर आहेत का ते बघा, आणि असतील तर दोन-तीन वर्षांची एकदम घ्या. एकाच लॉटची घेतलीत तर नेम पुन्हा पुन्हा बसवावा लागणार नाही.

सेंटरफायर कधी

जमीन मोकळी असेल आणि कायोटी दीडशे मीटरच्या आत येतच नसेल, तर रिमफायरचा नाद सोडा. .२२३ तोंडाशी सतराशे जूलच्या वर देते. कायोटीवाल्यांची ती नेहमीची रायफल आहे, आणि काडतूस कुठेही मिळतं. आवाज नको असेल तर .२२ हॉर्नेट हा मधला मार्ग आहे. रात्री शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून अर्ध्या ताकदीची रायफल घेऊन लांबचं जनावर जखमी करायचं, हे मला पटत नाही.

वारा

वारा हा विषय दुकानात कुणी काढत नाही. सोळा किलोमीटरचा, म्हणजे झाडाची बारीक फांदी हलवणारा, आडवा वारा असेल तर शंभर यार्डांवर .२२ मॅग्नमची गोळी सुमारे पाच इंच सरकते, .१७ एचएमआरची तीन-साडेतीन. तळहात चार इंचांचा आहे. टेक्सासच्या पठारावर वारा नाही असा दिवस विरळा, आणि कायोटी तर नेमका वास घ्यायला वाऱ्याच्या खालच्या बाजूने वळसा घालून येतो. जखमी सशाचा आवाज काढणारी शिट्टी वाजवून त्याला बोलावणारे शिकारी म्हणूनच वाऱ्याकडे तोंड करून बसत नाहीत, आडवे बसतात. बोलावलेला कायोटी पुष्कळदा चाळीस-पन्नास मीटरवर येतो, आणि रिमफायर शोभते ती तिथे. जनावर जवळ आणण्याचं कौशल्य आलं की काडतुसाची अर्धी चिंता मिटते.

कायद्याचं

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी हे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा कोल्हा, खोकड, लांडगा सगळे संरक्षित आहेत. वर लिहिलेलं अमेरिकेतल्या कायोटीपुरतंच आहे.

अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही, न्यूयॉर्कमध्ये ठरावीक हंगाम आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, कारण मेलेलं जनावर खाणाऱ्या काँडोर गिधाडांच्या आणि गरुडांच्या पोटात शिसं जातं. तिथे तांब्याची गोळी शोधावी लागते. माझ्या मते ती इतरत्रही वापरावी.

आपल्या लोकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मात्र जपा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत चालू मुदतीचा शिकारीचा परवाना हा एक. मित्राची रायफल नुसती हातात घेण्याआधीही हे तपासा. इथे चूक झाली तर व्हिसावर बेतते. भाच्याकडे ग्रीन कार्ड आहे, तरी मी त्याला आधी शिकारीचं शिक्षण देणारा वर्ग करायला लावला.

भाच्याची वीस एकर

आता त्याच्या जागेचा हिशेब. वीस एकर चौरस धरली तर एक बाजू सुमारे २८४ मीटर. शेळ्यांचा वाडा मधोमध, म्हणजे कुठल्याही दिशेला कुंपण १४० मीटरवर. टेक्सासमध्ये शिकार करताना गोळी परवानगीशिवाय आपल्या हद्दीबाहेर गेली तर तो गुन्हा आहे, आणि टू-टूसारखी क्षुल्लक वाटणारी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. म्हणजे त्याला दीडशे मीटरची रायफल लागतच नाही. त्याला लागते ती जवळून खात्रीने काम करणारी, आणि गोळी मातीतच जाईल अशी जागा. आम्ही वाड्याच्या छपराला लागून आठ फुटांचा मचाण बांधला. तिथून ऐंशी मीटरपर्यंतचा प्रत्येक नेम खालच्या दिशेने, जमिनीत उतरतो.

रायफल .२२ मॅग्नम घेतली. पण त्याआधी एक पांढरा कुत्रा आणला, ग्रेट पिरिनीज जातीचा, आणि करडं रात्री आत बांधायला सुरुवात केली. आमच्या धनगरांचं कुत्रं करतं तेच काम हा करतो. गोळीने एक कायोटी मेला तर त्याच्या जागी दुसरा येतो, कुत्रा मात्र रोज रात्री हजर असतो.

मग मर्यादा मोजली. जेवणाच्या कागदी पत्रावळीवर चार इंचांचं वर्तुळ काढायचं, मचाणावर ज्या अवघडलेल्या बैठकीत बसणार त्याच बैठकीतून, जाड जॅकेट घालून, पाच गोळ्या. पाचही आत आल्या तर दहा मीटर मागे. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून मारलेले नेम यात धरायचे नाहीत. भाच्याच्या पाचही गोळ्या साठ मीटरपर्यंत वर्तुळात राहिल्या. सत्तरवर चार. ऐंशीवर तीन. त्याचं तोंड उतरलं, काडतूस तर शंभरपर्यंत चालतं म्हणाला. चालतं, पण ते काडतुसाचं अंतर झालं, त्याचं साठ आहे.

वाड्याभोवती साठ मीटरवर आम्ही दगड मांडले आणि त्यांना चुना लावला, अंधुक उजेडातही दिसावेत म्हणून. पावसाने चुना जातो, तेव्हा दर महिन्याला पुन्हा लावायचा. त्याच दिवशी पत्रावळी घेऊन पुन्हा पाच गोळ्या मारायच्या. फेब्रुवारीत सत्तरवर पाचही आत आल्या, तेव्हा दोघांनी मिळून दगड दहा मीटर बाहेर सरकवले.